थडग्यातला गहू आणि नदीकाठचा लव्हाळा

प्रश्न : इजिप्तच्या पिरॅमिडमध्ये सापडलेला तीन-चार हजार वर्षांपूर्वीचा गहू कोणीतरी पेरला आणि तो उगवला, असे लहानपणी ऐकले होते. आता तोच मजकूर मोबाईलवर फिरतो आहे. यात काही तथ्य आहे का?

उत्तर : नाही. ही गोष्ट मोबाईलच्या कितीतरी आधीची आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या सुखवस्तू लोकांना इजिप्त पाहून येण्याचे वेड लागले. थडग्यांच्या आसपास वस्तू विकणारे लोक या पाहुण्यांना ‘ममीचा गहू’ विकत. तो इंग्लंडातल्या बागांत पेरला जाई, उगवे आणि वर्तमानपत्रात बातमी येई. तो उगवे, कारण त्यात ताजे दाणे असत. ब्रिटिश म्युझियममधले अभ्यासक वॉलिस बज यांनी खात्रीच्या थडग्यातले धान्य लंडनजवळच्या क्यू इथल्या वनस्पती उद्यानाकडे दिले. तिथल्या जाणत्या माळ्यांनी ते पेरून पाहिले. एकही दाणा उगवला नाही.

गव्हाचा दाणा वरून निर्जीव दिसला तरी आतला अंकुर मंद गतीने जगत असतो. त्याच्या पेशींतली प्रथिने आणि जनुकांचे धागे हळूहळू तुटत जातात. ही मोडतोड एका मर्यादेपलीकडे गेली की पाणी मिळूनही अंकुर हलत नाही. साध्या कोठारात ही मर्यादा काही वर्षांची, फार चांगल्या साठवणीत काही दशकांची. थडग्यातल्या दाण्याचा आकार, साल, कूस हे सगळे हजारो वर्षे शाबूत राहते, पण आतला जीव कधीच गेलेला असतो.

या दंतकथेला बळ देणारी एक खरी वस्तू मात्र आहे. १९२२ मध्ये उघडलेल्या तूतनखामेनच्या थडग्यात ओसायरिस देवाच्या आकाराची लाकडी चौकट मिळाली. तिच्यात नाईलचा गाळ भरून धान्य पेरलेले होते आणि त्याला कोंब फुटलेले होते. पण ते कोंब राजाच्या दफनाच्या वेळचे, नंतर तिथेच वाळून गेलेले. मरणानंतर पुन्हा उगवणे, हा त्या पेरणीचा अर्थ होता.

बी इतकी वर्षे जगूच शकत नाही असे मात्र म्हणू नये. मृत समुद्राजवळच्या मसादा किल्ल्यात सापडलेली सुमारे २,००० वर्षांपूर्वीची खजुराची बी इस्रायलमध्ये २००५ साली रुजली आणि तिचे झाड झाले. खजुराच्या कठीण बीला जे साधले ते गव्हाला साधलेले नाही.

प्रश्न : आम्ही सांगली जिल्ह्यात खपली गहू करतो. इजिप्तचा जुना गहू म्हणजे आपली खपलीच, असे एका कृषी प्रदर्शनात ऐकले. हे जाहिरातीपुरते आहे की खरे?

उत्तर : प्रजाती खरोखर एकच आहे. वाण एकच आहे असे म्हणता येणार नाही. इजिप्तमध्ये पिरॅमिड बांधणाऱ्या मजुरांची रोटी ज्या गव्हाची होती, तो खपलीच. हेरोडोटस हा ग्रीक इतिहासकार इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात इजिप्तला गेला, तेव्हाही लोक याच गव्हाची भाकरी खातात अशी नोंद त्याने केली. पुढे ग्रीक टॉलेमी राजांच्या अमलात, इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या तीन शतकांत, मळताच दाणा मोकळा होणारा कठीण गहू आला आणि खपली मागे पडली.

तुम्ही खपली करता म्हणजे तिची मळणी तुम्हाला ठाऊकच असणार. मळल्यावर ओंबी तुटते, पण दाणा टरफलातच राहतो. तो काढायला वेगळे कांडण करावे लागते. इजिप्तच्या बायकांचेही तेच होते. अमार्ना इथल्या कामगारवस्तीत, म्हणजे इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातल्या घरांत, जमिनीत पक्क्या बसवलेल्या दगडी उखळी आणि शेजारी जात्याचे पाटे मिळाले आहेत. डेल्वेन सॅम्युएल या संशोधिकेने तशाच उखळीत खपली किंचित ओली करून कांडून पाहिली, तेव्हा टरफल सुटले आणि दाणा फारसा फुटला नाही. जुन्या भाकऱ्यांचे आणि मद्याच्या भांड्यांच्या तळाशी राहिलेल्या साक्याचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहून तिने १९९६ मध्ये दाखवले, की मोड आणलेले धान्य आणि शिजवलेले धान्य एकत्र करून मद्य आंबवले जाई. त्याआधी कित्येक वर्षे पुस्तकांत ‘अर्धवट भाजलेली भाकरी कुस्करून मद्य करीत’ असे छापले जात होते. त्या भाकऱ्यांच्या आणि साक्याच्या आत इतके बारकाईने फारसे कोणी पाहिले नव्हते.

आता नात्याचे. लंडनच्या एका विद्यापीठाच्या संग्रहालयात खपलीचा कोंडा जपून ठेवला आहे. तो १९२० च्या दशकात इजिप्तच्या मध्यभागातल्या हम्मामिया या ठिकाणी खणून काढलेला. रेडिओकार्बन मोजणीने त्याचे वय इ.स.पू. ११३० ते १००० या दरम्यान येते. २०१९ मध्ये त्याचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला. ज्या जिवंत वाणांशी तो जवळचा निघाला, त्यांत अरबस्तानातली आणि भारतातली देशी खपली आहे. पश्चिम आशियात माणसाळलेला हा गहू फार पूर्वी दक्षिण-पूर्व दिशेने पसरला, त्या प्रवाहाशी इजिप्तचा वाण जोडलेला दिसतो. दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. त्या मूठभर कोंड्यात जनुकांची अशी काही रूपे मिळाली जी आजच्या कुठल्याही तपासलेल्या खपलीत नाहीत. ती पेरणीतून गेली ती गेलीच. घरचे बियाणे मोडून बाजारचे आणण्याचा विचार कधी मनात आला, तर ही नोंद आठवावी.

प्रश्न : गव्हाशिवाय थडग्यांत खाण्याचे काय काय सापडते?

उत्तर : तूतनखामेनच्या थडग्यातली यादी आपल्या वाण्याच्या दुकानासारखी आहे : खपली, जव म्हणजे सातू, मसूर, हरभरा, धणे, कलौंजी, करडई, लसूण, खजूर, बदाम, कलिंगडाच्या बिया आणि बोरे. इटलीतल्या तुरीन शहराच्या संग्रहालयात खा नावाचा बांधकाम-अधिकारी आणि त्याची बायको मेरित यांच्या थडग्यातल्या भाकऱ्या आजही पाहता येतात. १८२६ मध्ये कार्ल कुंथ या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने इजिप्तच्या थडग्यांतली फळे आणि बिया ओळखून त्यांचे वर्णन छापले. प्राचीन वनस्पतींच्या अवशेषांचा अभ्यास ही विद्याशाखा तिथून मोजतात.

थडग्यातले धान्य हे देवाघरी न्यायचे, मानाचे धान्य असते. रोजचे जेवण शोधायचे तर चुलीची राख आणि उकिरडा गाठावा लागतो.

प्रश्न : पण राखेतला जळका दाणा कुठल्या धान्याचा हे ओळखतात तरी कसे? आणि तो इतकी वर्षे टिकतो कसा?

उत्तर : जळतो म्हणूनच टिकतो. दाणा चुलीत पडला आणि हवा कमी मिळाली, तर त्याची राख होत नाही, कोळसा होतो. कोळशाला बुरशी लागत नाही, मुंग्या तो खात नाहीत. आकार बराचसा तसाच राहतो. गव्हाची खाच, जवाचे दोन्ही टोकांचे निमुळतेपण, मसुराची चपटी गोलाई हे सरावलेल्या डोळ्याला भिंगाखाली कळते.

तो मातीतून काढण्याची युक्ती साधी आहे. खणलेली माती पाण्याच्या टाकीत ओततात, ढवळतात. माती-खडे बसतात, कोळसा तरंगतो. तो बारीक जाळीवर धरून सावलीत वाळवायचा. आपल्याकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने घोडनदीकाठच्या इनामगावचे उत्खनन केले. ताम्रपाषाणकाळातले तिथले शेतकरी प्रामुख्याने जव पिकवीत, हे अशाच जळक्या दाण्यांवरून कळले.

इजिप्तच्या वाळवंटी कडेला आणखी एक सोय आहे. तिथे पाऊस इतका कमी की दाणा न जळताही नुसता वाळून राहतो. जिथे दाणाच उरलेला नाही तिथे दोन वाटा असतात. गवताच्या पेशींत वाळूच्या जातीचे द्रव्य साठते, त्याचे सूक्ष्म खडे पान कुजले तरी मातीत राहतात आणि त्यांच्या घडणीवरून गवताचा गट ओळखता येतो. दुसरी वाट खापरांची. भांड्याच्या मातीत भुसा मिसळला असेल तर भाजताना तो जळून जातो, पण त्याचा ठसा खापरात राहतो. या दोन्ही वाटा पुढच्या उत्तरांत लागणार आहेत.

प्रश्न : शेतीचा जन्म नाईलच्या काठी झाला असे शाळेत शिकलो. नंतर एका जुन्या मासिकात वाचले की इजिप्तमध्ये १८,००० वर्षांपूर्वीच जव पिकवीत होते. नेमके काय खरे?

उत्तर : दोन्ही नाही. मासिकाची चूक म्हणता येणार नाही, कारण त्या वेळी तसा दावा जगातल्या उत्तम शास्त्रीय नियतकालिकात छापला गेला होता.

असवानच्या थोडे उत्तरेला, नाईलच्या पश्चिम बाजूने येऊन मिळणारी वादी कुब्बानिया नावाची कोरडी घळ आहे. अमेरिकन पुरातत्त्वज्ञ फ्रेड वेंडॉर्फ यांच्या पथकाने, ज्यात पोलंड आणि इजिप्तचेही संशोधक होते, तिथे पुराश्मयुगाच्या अखेरच्या वस्त्या खणल्या. चुलींतल्या कोळशाचे वय १७,००० ते १८,००० वर्षे आले आणि त्याच थरांत जवाचे दाणे मिळाले. १९७९ मध्ये ‘सायन्स’मध्ये ही बातमी आली. हे खरे असते तर पश्चिम आशियातल्या शेतीच्या कितीतरी हजार वर्षे आधी नाईलकाठी जव होता, असे मानावे लागले असते.

घोटाळा असा होता की वय कोळशाचे मोजले होते, दाण्यांचे नाही. त्या काळच्या पद्धतीला काही ग्रॅम कोळसा लागे. इतके वजन मूठभर दाण्यांत कुठले? दाणे आणि कोळसा एकाच थरात आहेत म्हणजे एकाच काळातले, असे धरून चालले. पण वाळूत दाणा स्वस्थ बसत नाही. उंदीर बीळ करतात, मुंग्या दाणे ओढून नेतात, मुळे कुजून पोकळ्या होतात, आणि वरच्या काळातला दाणा खालच्या काळात जाऊन बसतो. थोड्याच वर्षांत कणत्वरकाची नवी पद्धत आली, जिला काही मिलिग्रॅम पुरतात. त्या पद्धतीने खुद्द दाणे मोजले, तेव्हा ते फार अलीकडचे निघाले. १९८४ मध्ये ही दुरुस्ती छापून आली आणि तिच्यावर पहिले नाव वेंडॉर्फ यांचेच होते. स्वतःच्या सर्वांत गाजलेल्या शोधावर स्वतःच काट मारणारे संशोधक मला फार मोठे वाटतात. तेव्हापासून या क्षेत्रात नियमच झाला : दाण्याचे वय हवे असेल तर दाणाच मोजा.

मग नाईलकाठची खरी पहिली शेती कुठली? पक्का पुरावा फायूमचा. कैरोच्या नैर्ऋत्येला हा खोलगट भाग आहे आणि नाईलच्या एका फाट्याने तिथे सरोवर भरते. १९२० च्या दशकात गर्ट्रूड कॅटन-थॉम्पसन आणि एलिनॉर गार्डनर या दोघी तिथे काम करीत होत्या, एक पुरातत्त्वज्ञ आणि एक भूशास्त्रज्ञ. सरोवराच्या उत्तर बाजूच्या उंचवट्यावर त्यांना जमिनीत खणलेली दीडशेहून अधिक धान्याची पेवे सापडली. बऱ्याच पेवांना काडाच्या वळ्यांचे अस्तर होते, टोपली विणावी तसे. काहींत खपली आणि जव शिल्लक होते. एका पेवात लाकडी दांड्यात गारगोटीची पाती बसवलेला अख्खा विळा मिळाला. त्यांचा ‘द डेझर्ट फायूम’ हा ग्रंथ १९३४ मध्ये निघाला. रेडिओकार्बनने वय मोजण्याची पद्धत विलर्ड लिबी यांनी काढली, तेव्हा सुरुवातीला तपासलेल्या नमुन्यांत हे फायूमचे धान्य होते. या शतकात विलेके वेंड्रिक आणि रेने कॅपर्स यांच्या पथकाने तिथे पुन्हा काम केले आणि त्या शेतीचा काळ इ.स.पू. पाचव्या सहस्रकात नीट बसवला.

पेवे गावापासून वेगळी, उंच कोरड्या जागी, आणि एकमेकांना लागून आहेत. वस्तीत मिळालेल्या हाडांत मात्र माशांची हाडे कितीतरी जास्त. म्हणजे या लोकांनी शेती धरली, पण जाळे सोडले नव्हते. पोट माशांवर चाले आणि धान्य सांभाळून ठेवले जाई. शेती म्हटले की आपण सगळे आयुष्य एका रात्रीत बदलल्याचे चित्र रंगवतो. फायूममध्ये तसे घडलेले नाही.

नदीमुखाच्या त्रिभुज प्रदेशाच्या पश्चिम कडेवरचे मेरिमदे हे गाव याच सुमाराचे किंवा थोडे आधीचे. त्रिभुज प्रदेशाच्या पोटात आणखी जुनी गावे असतीलही, पण ती कित्येक मीटर गाळाखाली आहेत. दक्षिणेला आजच्या सुदानमध्येही एक धागा मिळतो. डोंगोलाजवळच्या एका दफनभूमीत मृतांच्या डोक्याखाली गवताच्या उशा ठेवलेल्या होत्या. त्या उशा कधीच नाहीशा झाल्या, पण त्यांतले वाळूद्रव्याचे सूक्ष्म खडे राहिले. ते गहू-जवाच्या गटातले आणि सुमारे ७,००० वर्षांपूर्वीचे आहेत, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले.

आता शाळेतल्या विधानाकडे. खपलीचा रानटी पूर्वज नाईलच्या खोऱ्यात उगवत नाही. तो पॅलेस्टाईन, सीरिया, तुर्कस्तानच्या डोंगरउतारांवरचा. तिथे हे धान्य ११,००० वर्षांहून आधी पेरायला लागले होते. नाईलपर्यंत यायला मध्ये फक्त सिनाईचे वाळवंट, तरीही त्याला सुमारे चार हजार वर्षे लागली. पण आल्यावर ते इतके फोफावले याचे कारण नदीच्या वेळापत्रकात आहे. इथिओपियाच्या डोंगरांत पाऊस पडला की नाईलला पूर येई, उन्हाळ्याच्या अखेरीस शेते पाण्याखाली जात, आणि शरदात पाणी ओसरले की ओला गाळ मागे राही. गहू-जव ही हिवाळी पिके. पश्चिम आशियात ती हिवाळी पावसावर येतात, इजिप्तमध्ये पाऊस नाही, पण पेरणीच्या नेमक्या वेळी जमीन ओलीने भरलेली असे. काळ्या जमिनीतल्या ओलीवर आपली रब्बी निघते, तशी त्यांची सगळी शेतीच रब्बीची होती. इजिप्शियन वर्षाचे तीन ऋतूसुद्धा हेच : पूर, पेरणी-वाढ आणि कापणी.

प्रश्न : शेजारी शेती सुरू होऊनही नाईलकाठचे लोक चार हजार वर्षे थांबले, याचा अर्थ ते मागासलेले होते का? ते खात तरी काय होते?

उत्तर : मागासलेले मुळीच नव्हते. त्यांना घाई नव्हती, आणि ती का नव्हती हे वादी कुब्बानियातच कळते.

जवाचा दावा बाद झाला तरी तिथल्या चुलींतला बाकीचा जळका ऐवज खराखुरा जुना होता. गॉर्डन हिलमन या इंग्लिश वनस्पती-पुरातत्त्वज्ञाने तो दाणा न् दाणा पाहिला. सर्वांत जास्त काय निघाले? लव्हाळ्याच्या गाठी. होय, तोच लव्हाळा, जो आपल्या उसात आणि भाजीच्या वाफ्यात कितीही खुरपला तरी पुन्हा वर येतो, ज्याच्या वाळलेल्या गाठी काष्ठौषधीच्या दुकानात नागरमोथा म्हणून मिळतात आणि दिवाळीच्या उटण्यात पडतात. जगातल्या सर्वांत चिवट तणांत त्याची गणना होते. पुराश्मयुगातल्या माणसाला हा चिवटपणा वरदान होता. पूर ओसरला की नदीकाठच्या ओल्या पट्ट्यात या गाठी वाटेल तितक्या मिळत, आणि काढल्याने कमी न होता पुढच्या वर्षी अधिक पोसत.

जुनी गाठ कडू आणि तंतुमय असते. ती तशीच खाववत नाही. वाटून, धुऊन, शिजवून घ्यावी लागते. वादी कुब्बानियात ढिगाने मिळालेले वाटण्याचे दगड याच कामाचे असणार. तिथे तान्ह्या मुलांची जळकी विष्ठाही मिळाली, आणि तिच्यात वनस्पतीचा बारीक वाटलेला चोथा होता. आईने गाठी वाटून मऊ करून बाळाला भरवल्या, याचा इतका थेट पुरावा इतक्या जुन्या काळातून क्वचितच मिळतो. त्यांच्या वर्षात मासे होते, पाणपक्षी होते, इतर कंद होते. एवढे असताना नांगरटीच्या कष्टांत कोण पडेल?

लव्हाळ्याची गोष्ट इथे संपत नाही. खार्टुमजवळ, श्वेत नाईलच्या काठी अल खिदाय इथे हजारो वर्षे वापरात असलेली दफनभूमी आहे. तिथल्या सांगाड्यांच्या दातांवरचे किटण खरवडून तपासले, तेव्हा शेतीआधीच्या लोकांच्या दातांतही आणि शेती आल्यानंतरच्या लोकांच्या दातांतही लव्हाळ्याच्या गाठींचे अंश मिळाले. धान्य हाती आल्यावरही ते लव्हाळा खातच राहिले. धान्यखाऊ समाजात दात किडण्याचे प्रमाण वाढते, पण इथल्या उत्तरकाळातल्या लोकांचे दात आश्चर्य वाटावे इतके चांगले होते. लव्हाळ्याच्या गाठीतली द्रव्ये दात किडवणाऱ्या जिवाणूंना आवर घालतात, हे त्यामागचे कारण असू शकते, असे २०१४ मध्ये या संशोधकांनी मांडले.

दुसरे ठिकाण नाईलपासून दूर, अबू सिंबेलच्या पश्चिमेला सुमारे १०० किलोमीटरवर, आज निखळ वाळवंट असलेले नाब्ता प्लाया. इ.स.पू. ७००० च्या सुमारास तिथे उन्हाळी पाऊस पडे आणि तळे भरे. लोक झोपड्या करून राहत, साठवणीचे खड्डे खणत. पोलंडमधल्या क्राकोच्या क्रिस्टिना वासिलिकोवा यांनी तिथल्या झोपड्यांच्या जमिनीतून चाळीसहून अधिक प्रकारच्या वनस्पती ओळखल्या : निरनिराळी रानटी तृणधान्ये, कडधान्यांचे भाऊबंद, कंद, बोराच्या आठळ्या. आणि त्यांत ज्वारी. शेकडो जळके दाणे, पण घडण रानटी ज्वारीची. हे लोक ज्वारी गोळा करीत, साठवीत, रांधीत. ती माणसाळलेली मात्र नव्हती.

हा फरक समजून घेण्यासारखा आहे. रानटी तृणधान्याचा दाणा पिकला की आपोआप गळतो, कारण त्याला जमिनीत जायचे असते. क्वचित एखाद्या ताटाचा दाणा गळत नाही. माणसाने कणसे कापून घरी आणली आणि त्यातलेच बी पुन्हा पेरले, तर न गळणारे वर्षानुवर्षे वाढत जातात आणि एक वेळ अशी येते की ते पीक माणसाने मळून पेरल्याशिवाय जगू शकत नाही. टोपलीत दाणे झाडून गोळा केले तर उलट गळणारेच हाती येतात. नाब्तामध्ये अशीच झाडणी होत असावी. लोक ज्वारीला ओळखत होते आणि खातही होते, तरी ज्वारी रानटीच राहिली.

प्रश्न : मग आपली ज्वारी माणसाळली कुठे? ती आफ्रिकेतून आली म्हणतात. इजिप्तमधून आली का?

उत्तर : आफ्रिकेतून हे बरोबर, इजिप्तमधून नाही. आज हाती असलेला सर्वांत जुना पुरावा पूर्व सुदानमधला, कस्सला शहराजवळच्या मैदानातला. अटबारा ही नाईलची उपनदी आणि गाश ही हंगामी नदी यांच्यामध्ये हा भाग येतो. पुरातत्त्वज्ञ ज्यांना ‘बुताना गट’ म्हणतात, त्या लोकांच्या तिथल्या एका वस्तीची खापरे १९८० च्या दशकात गोळा झाली होती. ती कित्येक वर्षे पेट्यांत पडून राहिली. पुढे त्या खापरांतल्या भुशाच्या ठशांत रबरासारखे द्रव्य ओतून साचे काढले गेले आणि ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. काही ठशांत ज्वारीच्या कणिशकाचा देठ गुळगुळीत सुटलेला होता, म्हणजे दाणा आपोआप गळलेला, रानटी. काहींत तो तुटून फाटलेला, म्हणजे मळणीत जोराने सोडवलेला. २०१७ मध्ये फ्रँक विंचेल, डोरियन फुलर आणि सहकाऱ्यांनी हे प्रसिद्ध केले. काळ इ.स.पू. ३५०० ते ३०००. रानटी आणि माणसाळलेली ज्वारी एकाच वस्तीत शेजारी आहे, म्हणजे बदल घडत असतानाचाच हा क्षण आपल्या हाती लागला आहे.

तिथून ती अरबी समुद्र ओलांडून भारतात इ.स.पू. २००० च्या आसपास किंवा त्यानंतर आली. पश्चिम आफ्रिकेची बाजरी आणि पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातली नाचणीही त्या पुढच्या काळात आल्या. आपल्या तिन्ही भाकऱ्या आफ्रिकेच्या आहेत.

इजिप्तने मात्र फारोंच्या काळात ज्वारी केलीच नाही. सुदान इतके जवळ असूनही का नाही? इथेही नदीचे वेळापत्रकच आड आले. ज्वारी उन्हाळी पावसाचे पीक, आणि तिच्या वाढीच्या दिवसांत इजिप्तची शेते पुराच्या पाण्याखाली. ती उत्तरेकडे सरकली ती बैलांनी फिरवायचा रहाट आल्यावर. रहाटाने पुराच्या पातळीहून उंच जमिनीला पाणी देता येऊ लागले आणि दुसरा हंगाम शक्य झाला.

याची नोंद कस्र इब्रिम इथे मिळते. असवानचे मोठे धरण झाल्यावर न्युबियातली, म्हणजे असवानच्या दक्षिणेकडच्या नाईलखोऱ्यातली, असंख्य जुनी स्थळे कायमची बुडाली. कस्र इब्रिम ही उंच कड्यावरची तटबंदी, म्हणून बेटासारखी वर राहिली. कोरड्या हवेमुळे तिथे इसवी सनापूर्वी आठव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंतचे धान्य थरांवर थर वाळून राहिलेले आहे. खालच्या थरांत रानटी ज्वारी, मग इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत सैल कणसाची माणसाळलेली ज्वारी, आणि मध्ययुगात गच्च कणसाची, ‘दुर्रा’ नावाने ओळखली जाणारी ज्वारी. आपल्या रब्बी ज्वारीचे बहुतेक देशी वाण, मोहोळला निवडलेल्या मालदांडी ३५-१ सह, याच दुर्रा गटातले. हा गट मुळात भारतात घडला आणि इथून परत ईशान्य आफ्रिकेत गेला, असे मत अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ जॅक हार्लन आणि अ‍ॅन स्टेमलर यांनी १९७० च्या दशकात मांडले. सगळ्यांना ते मान्य नाही. पण कस्र इब्रिमच्या थरांत दुर्रा उशिराच दिसते, हे त्या मताला धरून आहे. २०१९ मध्ये या वाळलेल्या ज्वारीचे जनुक वाचले गेले. सैल कणसाची जुनी ज्वारी आणि नवी दुर्रा या दोघींची जनुके तिथल्या शेतांत एकमेकींत मिसळत गेल्याच्या खुणा त्यात स्पष्ट आहेत.